रस्त्यावर फुकट, टीव्हीवर एकतीस पौंड

ब्रिटनमध्ये बसून सायकल शर्यत बघायची तर आधी कॅल्क्युलेटर काढा. 28 फेब्रुवारी 2025 ला तिथलं युरोस्पोर्ट हे क्रीडा चॅनेल बंद झालं आणि 1 मार्चला बेल्जियममध्ये ओमलूप ही शर्यत होती! म्हणजे क्लासिक्सचा, एका दिवसाच्या मोठ्या शर्यतींचा, मोसम सुरू व्हायच्या आदल्या रात्री दुकानाला टाळं. महिना 6.99 पौंडांत मिळणारं सायकलिंग उचलून टीएनटी स्पोर्ट्स या दुसऱ्या क्रीडा वाहिनीच्या महिना 30.99 च्या गाठोड्यात कोंबलं. गाठोड्यात प्रीमियर लीग, चॅम्पियन्स लीग, रग्बी. ज्याला फुटबॉलशी देणंघेणं नाही, त्यानेही फुटबॉलचं बिल भरायचं.

वर्षाला 83.88 चे 371.88 झाले. बरं, काटकसर करून बघा. 2025 च्या तारखा घेऊ. मार्चमधली मिलान–सान रेमो आणि ऑक्टोबरमधली लोम्बार्दिया या क्लासिक्स सोडून द्या. 6 एप्रिलला पहिला महिना घ्या, त्यात फ्लँडर्स, रूबे, लिएज या एकदिवसीय शर्यती बसतात. दुसरा 9 मेला, इटलीतल्या तीन आठवड्यांच्या जिरोसाठी. तिसरा 5 जुलैला, टूर द फ्रान्स. चौथा 23 ऑगस्टला, स्पेनची व्हुएल्टा. दर वेळी आठवणीने रद्द करा, एक दिवस चुकलात की आणखी 30.99 गेले. एवढी कसरत करून बेरीज किती? 123.96. पूर्वी याहून कमी पैशांत अख्खं वर्ष दिसायचं, आणि सान रेमो–लोम्बार्दियावर पाणी सोडावं लागत नव्हतं. शिवाय थेट प्रक्षेपण बघायचं म्हणून टीव्ही लायसन्सचे, म्हणजे बीबीसी चालवणाऱ्या वार्षिक परवान्याचे, 2025 मध्ये 174.50 वेगळेच, बीबीसीचं तोंडही न बघणाऱ्याला!

आयटीव्ही4 या मोफत चॅनेलवर टूर फुकट दिसायची. 2012 ला ब्रिटनचा विगिन्स टूर जिंकला तो तिथेच, पैसे न भरता. 2026 पासून टूरच्या थेट प्रक्षेपणाचे हक्क टीएनटीच्याच मालकांकडे.

‘हायलाइट्स बघा की’ म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. बाजूचा वारा सुटतो, एक संघ पुढे येऊन तिरकी रांग लावतो, रस्त्याची रुंदी संपली की मागचे गटारीच्या कडेला लटकतात आणि दोन मिनिटांत पेलोटॉनचे, म्हणजे सायकलस्वारांच्या मुख्य घोळक्याचे, चार तुकडे. हे बऱ्याचदा शेवटाच्या कितीतरी किलोमीटर आधी घडतं. दहा मिनिटांच्या तुकड्यात तुम्हाला फक्त स्प्रिंट दिसणार. रात्री पूर्ण रिप्ले लावायला जा, तर व्हिडिओवरच्या छोट्या चित्रातच विजेता हात वर करून उभा. आणि व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवायची युक्ती? फ्रेंच टीव्ही फ्रान्सपुरतं फुकट आहे, पण सर्व्हरचा पत्ता ओळखला गेला की पडदा काळा. नियमात बसत नाही ते वेगळंच.

राग पैशांपेक्षा मूर्खपणाचा आहे. या खेळाला रस्त्याकडेला तिकीट नाही. संघ चालतात ते जर्सीवरच्या नावांच्या पैशावर, प्रक्षेपणाचा पैसा आयोजकाच्या खिशात. जर्सी दिसली तरच प्रायोजक टिकणार, आणि तीच पैशांच्या भिंतीआड ठेवायची! फ्रान्सने 2004 च्या फर्मानात टूर आणि पॅरिस–रूबे ‘सगळ्यांना दिसायलाच हव्यात’ अशा यादीत घातल्या. ब्रिटनचीही अशी यादी आहे. तीत घोड्यांच्या शर्यती आहेत, ग्रँड नॅशनल आणि डर्बी. टूर नाही.