कोरियातली आठवी सेना: चार विधानं, चारही चुकीची

एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे: "रोमेलला हरवणारी आठवी सेना आजही कोरियात आहे. ती यूनोची शांतिसेना आहे, दक्षिण कोरियाचं लष्कर तिच्याच हुकुमात चालतं आणि 1950 च्या युद्धात भारतीय जवान तिच्या बाजूने लढले."

रोमेलचं आधी निकालात काढू. जर्मन सेनापती रोमेलला इजिप्तमधल्या एल अलामेनला हरवणारी आठवी सेना ब्रिटिश होती. इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव तिच्यातच लढले. ती 1945 मध्ये बरखास्त झाली. कोरियातली आठवी सेना अमेरिकेची. ती 10 जून 1944 ला मेम्फिसमध्ये उभी राहिली, फिलिपिन्समध्ये लढली, पराभूत जपानमध्ये तैनात राहिली आणि जुलै 1950 मध्ये जनरल वॉकर यांच्या हाताखाली कोरियात उतरली. फोटोत बाहीवरचं चिन्ह बघा: ब्रिटिशांचं पांढऱ्या ढालीवर पिवळा क्रूस, अमेरिकेचं लाल अष्टकोनात पांढरा तारा.

शांतिसेना? नाही. सुरक्षा परिषदेच्या 7 जुलै 1950 च्या ठराव 84 ने एकत्रित कमांड अमेरिकेकडे सोपवायची शिफारस केली, सेनापती नेमायला अमेरिकेला सांगितलं आणि यूनोचा झेंडा वापरायची मुभा दिली. एवढंच. झेंडा दिसला की शांतिसेनेची निळी शिरस्त्राणं आठवतात, गोंधळ तिथेच सुरू होतो.

हुकुमाचा मामला जरा गुंतागुंतीचा आहे. एकाच चार-तारांकित अमेरिकन जनरलकडे तीन खुर्च्या असतात: यूनो कमांड (ठराव 84 मधली ती एकत्रित कमांड), कोरियातलं अमेरिकी सैन्य आणि 1978 मध्ये स्थापन झालेली अमेरिका-दक्षिण कोरियाची संयुक्त कमांड. आठव्या सेनेचा प्रमुख तीन-तारांकित, म्हणजे त्याच्या खालचा, आणि त्याच्याकडे मुख्यतः अमेरिकी भूदल. शांतताकाळात कोरियन लष्कराचा ताबा 1 डिसेंबर 1994 पासून सोलकडेच आहे. युद्ध पेटलं तर नेमलेल्या कोरियन तुकड्या संयुक्त कमांडकडे जातात. त्या कमांडचा उपप्रमुख कोरियन असतो आणि ती दोन्ही सरकारांना बांधील असते. अमेरिकी तुकड्यांत कोरियन पोरं दिसतात ती 'कटूसा', म्हणजे अमेरिकी भूदलाला जोडून दिलेले कोरियन सैनिक. सक्तीच्या लष्करी सेवेतले हे तरुण इंग्रजी चाचणीतल्या किमान गुणांनंतर सोडतीने निवडले जातात, पण त्यांची बढती आणि शिस्त कोरियन लष्कराच्याच हातात.

आता भारतीय जवान. कोरियात गेलेलं 60 पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स हे लेफ्टनंट कर्नल रंगराज यांचं वैद्यकीय पथक होतं. आठव्या सेनेच्या हाताखालच्या राष्ट्रकुल ब्रिगेडबरोबर ते राहिलं. मार्च 1951 मध्ये त्यातले काही जण अमेरिकी छत्रीधाऱ्यांबरोबर मुन्सानला उतरलेही, पण जखमींसाठी. 1953 च्या युद्धबंदीनंतर गेलेलं सैन्य वेगळं. कोल्हापूरकडच्या मेजर जनरल शंकरराव थोरातांची ही तुकडी सुमारे 6,000 जणांची होती. मायदेशी परतायला नकार देणारे युद्धकैदी सांभाळण्याचं काम तिने तटस्थ देशांच्या आयोगासाठी केलं. आठव्या सेनेच्या हुकुमात ती कधीच नव्हती. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीयांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देईनात, म्हणून त्यांना इंचॉनच्या जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात न्यावं लागलं.