मुलांच्या बोलण्याच्या तपासणीबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

नाशिकच्या सिडको, इंदिरानगर भागातल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘स्पीच तपासणीत मुलाला मशीन लावतात, मंद असल्याचा शिक्का मारतात. मुलगे उशिराच बोलतात, पाच वर्षं थांबा.’ मी इथे हीच तपासणी करते, म्हणून स्पष्ट सांगते. हा मेसेज दिशाभूल करणारा आहे.

तपासणीत आधी आईवडिलांशी बोलणं होतं: बाळंतपण, कानाचे आजार, पहिला शब्द कधी, घरात कोणत्या भाषा. मग खेळ. परवा एक साडेतीन वर्षांची मुलगी आली होती. ‘बाहुलीला पाणी दे’ म्हटल्यावर तिने कप बरोबर बाहुलीच्या ओठांना लावला, पण तोंडातून फक्त ‘पापा’. म्हणजे समजतं, बोलता येत नाही. हा फरक शोधणं हेच तर आमचं काम! जीभ, टाळू, ओठ बघतो, उच्चार ऐकतो. श्रवण चाचणी मात्र टाळू नका. तिचं यंत्र असतं, पण ते दुखत नाही. बुद्धीची चाचणी वेगळी, ती मानसशास्त्रज्ञ घेतात.

दोन वर्षांच्या मुलाला साधारण 50 शब्द आणि ‘आई ये’सारखी दोन शब्दांची जोडी यायला हवी. येत नसेल तर मुलगा असो वा मुलगी, थांबू नका. घरात मराठी-हिंदी दोन्ही असल्यामुळे बोलणं अडत नाही, मराठी बंद करू नका. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे जरूर विचारा. येताना मुलाचं आवडतं खेळणं आणा आणि त्याची झोपेची वेळ टाळा.