ऑर्डर नंबर?

"ऑर्डर नंबर?"

एवढंच म्हणाली ती काउंटरवरची मुलगी. मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. आणि मी तीन दिवस, अक्षरशः तीन दिवस, बाथरूमच्या आरशासमोर घोकलेलं वाक्य नुकतंच तिच्यासमोर घडाघडा म्हणून दाखवलं होतं: "बॉनजू, झेवच पस्तित्सी ताल-इरकोट्टा, येक योजबोक." म्हणजे नमस्कार, रिकोटा चीजचे दोन पस्तित्सी द्या प्लीज. पस्तित्सी म्हणजे आपलं बेकरीतलं पॅटिसच, फक्त आत चीज नाहीतर मटार, आणि शर्टावर पापुद्रे दुप्पट. आता यातलं 'झेवच' बघा. माल्टीजमध्ये, म्हणजे माल्टा या युरोपातल्या चिमुकल्या बेटदेशाच्या भाषेत, नुसते आकडे मोजताना दोन म्हणजे 'त्नेय्न', पण पुढे वस्तू आली की 'झेवच'. हे डोक्यात शिरायला एक अख्खी संध्याकाळ गेली. बक्षीस काय, तर ऑर्डर नंबर.

घात केला पाठीवरच्या सॅकने. माल्टामध्ये स्कूटरवरून घरोघरी जेवण पोचवणारी खूप पोरं आपल्याकडचीच आहेत. सावळा माणूस, पाठीला बॅग, कपाळावर घाम, म्हणजे पार्सल न्यायलाच आला असणार. मी खरंतर मावसबहिणीकडे दहा दिवस पाहुणा म्हणून गेलेलो. ती तिथे नर्स आहे, ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "दादा, कशाला त्रास करून घेतोस, इथे इंग्लिश पण राजभाषा आहे, सगळ्यांना येतं." पण 'दुसऱ्याच्या गावात गेलं की त्यांचे चार शब्द तरी बोलावेत' हे मी पुण्यात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत आलोय, आता माघार कुठे घेणार.

बरं, भाषा अशी की जन्म अरबीच्या घरातला, वाढली इटलीतल्या सिसिलीच्या शेजारात, आणि कपडे रोमन लिपीचे. पुस्तक म्हणजे 'क्तीब', बातमी 'अहबार', जग 'दिन्या'. किताब, खबर, दुनिया, म्हटलं हे तर घरचंच की! रविवारी चर्चला जाणारे कॅथलिक लोक देवाला 'आल्ला' म्हणतात. पाच लाखांहून थोडी जास्त वस्ती, तरी 2004 पासून युरोपियन युनियनच्या अधिकृत भाषांत यांची भाषा आहे, आणि वर्णमालेत अक्षरं 30. त्यातलं एक जी आणि रेघ मारलेला एच मिळून होतं, आणि ते बहुतेक वेळा बोलायचंच नाही. पंगतीत पाट अडवून बसायचं पण जेवायचं नाही, असा पाहुणा.

आणि दर दोन वाक्यांमागे 'मेला'. म्हणजे 'तर मग', 'हो ना', 'अर्थात', जे पाहिजे ते. मी बसमधून आईला व्हिडिओ कॉल लावला तर तिचा चेहरा पांढरा, "अरे कोण गेलं? सारखं मेला मेला काय चाललंय?" तेवढ्यात मागचा माणूस फोनवर 'मेला, एय्या' म्हणाला, म्हणजे 'बरं, चल मग'. आई म्हणाली, तू घरी ये.

असो. तर काउंटर. मी चिडलो होतो पण सभ्यपणा सोडायचा नाही असं ठरवून म्हणालो, "ले, ग्रात्सी, कल्बी." 'ले' म्हणजे नाही, 'ग्रात्सी' थँक्यू, आणि शेवटचा शब्द हा माझा आगाऊपणा. तो क्यूने सुरू होणारा शब्द मी यादीत वाचला होता, अर्थ 'माझं काळीज', प्रेमाने म्हणतात.

मागून एकदम खोकल्यासारखं हसू. वळून बघतो तर सत्तरीचे एक आजोबा, बनियनवर उघडा शर्ट, गळ्यात क्रॉस, हातात रिकामी पिशवी. म्हणाले, "तू आत्ता तिला 'माझा कुत्रा' म्हणालास."

काळीज म्हणजे 'अल्ब', कुत्रा म्हणजे 'केल्ब'. क्यू हा 'क' नाही, तो घशात अडकवायचा.

मी सॉरी सॉरी म्हणायला लागलो तर आजोबा गंभीर होऊन म्हणाले, "कुत्रा म्हणालास ते बरं झालं. बरोबर म्हणाला असतास तर जास्त वाईट दिसलं असतं."

आणि मग त्यांनी माझी शिकवणीच घेतली. तिथेच, हाम्रूनच्या त्या टीचभर दुकानात, मागे सहा माणसं उभी असताना. "म्हण, आत्तूस." मांजर. मी म्हटलं कत्तूस. "नाही! घसा बंद कर. हवा थांबव. कोणीतरी पाठीत धपाटा घातलाय असं समज." मी म्हटलं गत्तूस. त्यांनी स्वतःचा गळा दोन बोटांनी धरला, मग माझा धरला. रांगेतल्या एका बाईने घड्याळ बघितलं, दुसरी मात्र मन लावून माझ्या गळ्याकडे बघत होती. शेवटी मला सुचलं, आपण तोंड बंद ठेवून नको म्हणताना 'अंहं' करतो, त्यात मधे घशाला जो आचका बसतो, तोच हा! केला. आजोबांचे डोळे भरून आले की काय असं वाटलं. मग खूश होऊन पस्तित्सीचं गुपितही सांगितलं, चीजवाल्याची घडी मधोमध असते, मटारवाल्याची कडेला, म्हणजे न फोडता कळतं.

आता खरी मेख. आजोबांच्या मागे एक जर्मन जोडपं. त्यातला नवरा पुढे आला, इंग्लिशमध्ये ऑर्डर दिली आणि शेवटी फक्त "ग्रात्सीए" म्हणाला, तेही इटालियन. आणि ती मुलगी, जिने मला मान वर करून बघितलं नव्हतं, ती हसून म्हणाली, "प्रोसित!" म्हणजे शाब्बास. एका शब्दाला! चुकीच्या!

मला झोंबलं. नंतर हेही झोंबलं की झोंबलं का. डिलिव्हरीवाला समजली तर काय बिघडलं, उन्हातान्हात राबणारी पोरं ती, मी तर सुट्टीवर. पण त्या पोरांपैकी कोणी 'झेवच' म्हटलं तर त्यालाही ती प्रोसित म्हणणार नाहीये, हे मला आजही सलतंय. आणि म्हणावं तर आपणही कुठे धुतल्या तांदळाचे, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तोडकंमोडकं मराठी बोलला की मीच "हां भैया, बोलो" करून मोकळा होतो.

शेवटी पिशवी मिळाली. बाहेर येऊन उघडली. घडी कडेला. मटार.

तेवढ्यात स्कूटरवरच्या पोराने माझी सॅक बघून हाक मारली, "भाई, सैंतालीस नंबर निकला क्या?"

तीन दिवसांची सवय, तोंडातून निघून गेलं, "ले."

त्याने हात पुढे केला. म्हटलं जाऊ दे, मटारचंच होतं, दिलं एक.