कार्ड मोबाईलमध्ये, आणि घरी कुणाला पत्ताच नाही

विषय निघाला पिंट्यामुळे. त्यानं अवयवदानाचा ऑनलाईन फॉर्म भरला, कार्ड डाउनलोड केलं, स्टेटसला टाकलं आणि कट्ट्यावर येऊन प्रत्येकाच्या नाकासमोर मोबाईल धरत सुटला, की बघा, मी मेल्यावर आठ जणांना जीवदान देणार आहे. आम्ही पण वा वा केलं, दोघातिघांनी लिंक मागितली. तेवढ्यात ताई म्हणाली, "घरी सांगितलंस?"

ताई आधी आयसीयूत सिस्टर होती, आता ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे ज्यांचं माणूस आत्ताच गेलंय त्यांच्यासमोर बसून अवयवदानाचं विचारायचं, हे तिचं काम. त्यामुळे या विषयावर ती बोलायला लागली की वकील सोडून बाकीचे गप्प बसतात.

पिंट्या म्हणाला, घरी कशाला सांगायचं, आई रडायला लागेल, भलतंसलतं बोलू नकोस म्हणेल. आणि रजिस्टर झालंय ना, नंबर आहे, क्यूआर कोड आहे, अजून काय पाहिजे.

"अरे पण ज्या दिवशी ते कार्ड लागेल त्या दिवशी तू बोलणार नाहीयेस, तुझी आई बोलणार आहे. मी तिला विचारणार, तुमच्या मुलाची काय इच्छा होती हो? आणि ती म्हणणार, आम्ही कधी बोललोच नाही यावर. आणि जिला माहीत नाही ती आई नाहीच म्हणते. का नाही म्हणणार? इतका मोठा निर्णय, दोन तासांत, तेही त्या अवस्थेत."

इथे वकील उठला. (नावानं वकील नाही, पेशानं आहे, पण कट्ट्यावर पण कोट काढत नाही.) त्याचं म्हणणं, हाच तर कायद्याचा दोष आहे. माणसानं जिवंतपणी स्वतःच्या सहीनं लिहून दिलंय, मग घरच्यांना विचारायचंच कशाला? उलट कायदा असा करा की प्रत्येक जण दाता आहे असंच धरायचं, ज्याला नको असेल त्यानं नाव काढून घ्यावं. स्पेननं १९७९ सालीच केलं, वेल्सनं २०१५ ला, इंग्लंडनं २०२० ला. आणि स्पेन आज जगात सगळ्यात पुढे, दहा लाख लोकांमागे वर्षाला ५० च्या आसपास मृत्यूनंतरचे दाते. विषय संपला.

"स्पेनचं नाव सगळे घेतात आणि अर्धीच गोष्ट सांगतात," ताई म्हणाली. "१९७९ ला कायदा आला ना? मग १९८९ ला आकडा किती होता सांग. चौदा. दहा वर्षं कायदा होता आणि आकडा चौदा."

मग वाढला कशानं, तर त्या वर्षी त्यांनी अवयवदानाची राष्ट्रीय संस्था काढली, राफाएल मातेसान्झ नावाचे किडनीचे डॉक्टर तिचे प्रमुख. त्यांनी प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात एक कोऑर्डिनेटर बसवला, आणि तो कुणी क्लार्क नाही, बहुतेक ठिकाणी आयसीयूचाच डॉक्टर. त्याचं काम काय, कुठल्या बेडवरचा पेशंट ब्रेन डेड (म्हणजे मेंदू कायमचा बंद, हृदय मशीनच्या आधारानं चालू) होण्याच्या मार्गावर आहे ते वेळेत ओळखायचं आणि घरच्यांशी कसं बोलायचं याचं रीतसर ट्रेनिंग घेऊन त्यांच्याशी बोलायचं. घरच्यांना तिथे अजूनही विचारतातच. कायद्यानं गरज नसली तरी विचारतात, आणि नाही म्हणाले तर सोडून देतात. इंग्लंडमध्ये पण तेच. मातेसान्झ स्वतः सांगत आलेत की हे यश कायद्याचं नाही.

वकील ऐकणाऱ्यातला नाही. तो म्हणाला, ठीक आहे, कायदा एकटा पुरत नाही, पण नुकसान तर करत नाही ना?

करतो की. हे मला माहीत होतं म्हणून मीच मध्ये पडलो. ब्राझीलनं १९९७ ला असाच कायदा आणला, सगळे दाते, नको असेल तर ओळखपत्रावर तसं लिहून घ्या. लोक काय घाबरले! सरकार आपले अवयव काढून घेणार, डॉक्टर मरायच्या आधीच कापणार अशी हवा झाली, नको म्हणून लिहून घ्यायला गर्दी, डॉक्टर लोकच विरोधात गेले, आणि १९९८ मध्ये सरकारला ते कलम मागे घ्यावं लागलं. विश्वास नसेल तिथे जबरदस्तीचा वास जरी आला तरी लोक लांब पळतात. माझं तरी मत असं की जनजागृतीचं सगळं गाडं इथेच अडतं, माहिती कमी पडत नाही, भरवसा कमी पडतो.

"भरवशाचंच मी म्हणतोय," इतका वेळ गप्प बसलेले नाना म्हणाले. आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो खरं तर सगळ्यांच्याच मनात असतो, फक्त आपण अडाणी दिसू म्हणून कोणी विचारत नाही. "छाती वरखाली होतेय. अंग गरम आहे. त्या मशीनवर ठोके दिसतायत. आणि डॉक्टर म्हणतो तुमचा माणूस गेला. मी कसं मानायचं गं? उद्या उठून बसला असता तर?"

यावर ताई बराच वेळ बोलली आणि ते जरा नीट लिहितो, कारण पोस्टरवर हे कधीच नसतं.

ती म्हणाली, नाना, छाती तो हलवत नाहीये, व्हेंटिलेटर हलवतोय. आणि हृदयाला धडधडायला मेंदूची ऑर्डर लागत नाही, ठोका त्याच्या आतच तयार होतो, ऑक्सिजन मिळतोय तोवर ते चालत राहतं, आणि रक्त फिरतंय म्हणून अंग गरम. पण कवटीच्या आत सूज येऊन दाब इतका वाढलेला असतो की मेंदूला रक्त जाणंच बंद झालेलं असतं. कोमा वेगळा. कोमातला मेंदू जिवंत असतो, पेपरात जे 'अमुक वर्षांनी उठला' येतं ते कोमातले किंवा तसल्या अवस्थेतले. ब्रेन डेथची नीट तपासणी झालेला माणूस उठत नाही.

मग तपासणी काय करतात? आधी खात्री करतात की झोपेच्या किंवा भुलीच्या औषधाचा अंमल नाहीये, अंग फार थंड पडलेलं नाहीये, कारण त्यानं फसगत होऊ शकते. मग डोळ्यात टॉर्च मारतात, बाहुली आकसत नाही. कापसाचं टोक बुबुळाला लावतात, पापणी हलत नाही. कानात बर्फाचं पाणी सोडतात, जिवंत मेंदू असेल तर डोळे त्या बाजूला वळतात, इथे जागचे हलत नाहीत. घशात नळी घालून डिवचतात, खोकला नाही. आणि शेवटची टेस्ट श्वासाची. व्हेंटिलेटर सोडवतात, नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात आणि आठ-दहा मिनिटं सगळे छातीकडे आणि पोटाकडे बघत उभे राहतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड चढत जातो. मेंदूच्या देठात जरा जरी धुगधुगी असेल ना, तर माणूस श्वास ओढल्याशिवाय राहूच शकत नाही. इथे एकही श्वास येत नाही.

"आणि हे करणारे डॉक्टर ट्रान्सप्लांटच्या टीममधले नसतात," ती म्हणाली, "बऱ्याच देशांत हे नियमातच आहे, आणि एकापेक्षा जास्त डॉक्टर लागतात, कित्येक ठिकाणी काही तासांनी सगळं परत करतात. काही हॉस्पिटलांत घरच्यांना ही टेस्ट चालू असताना उभं राहू देतात. मला विचाराल तर सगळीकडे द्यावं. मी हजारदा समजावून जे पटत नाही ते डोळ्यांनी बघितल्यावर पटतं."

नाना म्हणाले, मी ऐकलंय असा माणूस हात हलवतो म्हणून.

"हलतो कधी कधी. ते मणक्यातून येतं, मेंदूतून नाही. पण बघणाऱ्याला काय वाटत असेल सांगा. म्हणून आम्ही आधीच सांगून ठेवतो की असं दिसू शकतं, घाबरू नका."

नानांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. हं म्हणाले, मान हलवली, आणि दुसरं काढलं. बरं, मेला हे खरं. पण किडनी जाणार कुणाला? पैसेवाल्यालाच ना?

इथे पिंट्या चिडला, की नाना तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोट काढता. पण मला नाही वाटत नाना चुकीचं बोलत होते. जर्मनीत २०१२ ला बाहेर आलं की काही डॉक्टरांनी आपल्या पेशंटचे रिपोर्ट खोटे करून त्यांना लिव्हरच्या वेटिंग लिस्टमध्ये वर ढकललं होतं. जर्मनीसारख्या देशात! आणि त्यानंतर तिथे दात्यांचा आकडा घसरला. ताई म्हणाली, नियम काय आहे ते तर सांगायलाच पाहिजे, यादी असते, रक्तगट, शरीराचा आकार, पेशंट किती गंभीर, किती दिवस थांबलाय, किती लांब आहे हे सगळं बघतात, कारण हृदय काढल्यावर चारेक तासांत बसवावं लागतं, किडनी मात्र चोवीस तास पण थांबते. पण कुठे घोटाळा झाला तर तो पण उघडपणे सांगा, दाबू नका. लपवलेलं कळलं की लोक सगळंच खोटं धरतात. यावर वकील आणि नाना दोघांचं एकमत झालं, असं फार क्वचित होतं.

मास्तरांचं म्हणणं शाळेतून सुरुवात करा. निबंध, चित्रकला, प्रभातफेरी. मी म्हटलं, मास्तर, प्रभातफेरीनं आजवर नक्की काय झालंय? ते रागावले. पण पिंट्यानं त्यांची बाजू घेतली, म्हणाला पब्लिसिटीचा उपयोग होतो, फेसबुकनं २०१२ च्या मे महिन्यात प्रोफाईलवर 'मी दाता आहे' लिहायची सोय दिली तर अमेरिकेत पहिल्याच दिवशी ऑनलाईन नोंदणी नेहमीच्या २१ पट झाली. २१ पट!

"आणि नंतरच्या दिवसांत?"

"...कमी होत गेली."

"तेच तर."

पण मास्तर हट्टी. ते म्हणाले, तुम्ही मुलांना कमी समजताय. वर्गात पोरांना नुसतं एवढंच सांगा, घरी जाऊन आईबापाला विचारून या, तुम्हाला असं झालं तर आम्ही काय सांगायचं? निबंध नको, चित्र नको, फक्त उत्तर घेऊन या. आणि यावर ताई एकदम खूष, हे तर आमच्या सगळ्या कॅम्पपेक्षा भारी आहे म्हणाली. मास्तर त्यानंतर दहा मिनिटं फुशारून बसले होते.

मध्येच मी इटलीचं काढलं कारण मला ती गोष्ट विसरता येत नाही. १९९४ मध्ये निकोलस ग्रीन नावाचा सात वर्षांचा अमेरिकन मुलगा आईबापाबरोबर तिथे फिरायला गेला होता, हायवेवर लुटारूंनी गाडीवर गोळ्या झाडल्या, एक त्याच्या डोक्यात लागली. त्याच्या आईबापानं त्याचे अवयव द्यायला सांगितले, त्याच देशातल्या लोकांना, सात जणांना मिळाले. पाचांना अवयव, दोघांना डोळ्यांचे कॉर्निया. पुढच्या दहाएक वर्षांत इटलीत दात्यांचं प्रमाण तिपटीच्या आसपास गेलं. वकील लगेच म्हणाला की त्यात सरकारनं यंत्रणा सुधारली त्याचाही वाटा असणार. असेल की. पण एका घरानं काय केलं ते लोकांच्या डोक्यात बसलं, जाहिरात बसत नाही.

धर्माचं कुणीतरी काढलं पण ते फार चाललं नाही, बहुतेक सगळ्या मोठ्या धर्मांत याला विरोध नाही, आणि ताई म्हणते नाही म्हणायचं असलं की लोक आधी धर्म पुढे करतात, जरा बोललं की खरं कारण वेगळंच निघतं. शरीराची चिरफाड होईल ही भीती, किंवा मोठ्या भावाला न विचारता हो कसं म्हणू ही भीती. शरीराचं म्हणाल तर रीतसर ऑपरेशन थिएटरात काढतात, टाके घालून, पुसून, कपड्यात परत देतात.

पिंट्या तोवर जरा नरमला होता. तो म्हणाला, म्हणजे माझे आठ जण गेले का?

ताई हसली. "आठ म्हणजे कागदावर. हृदय एक, फुफ्फुसं दोन, किडन्या दोन, लिव्हर, स्वादुपिंड, आतडं. खऱ्यात तीन-चार वापरता आले तरी आम्ही धावपळीनं रात्र काढतो. आणि मुळात ब्रिटनचा हिशोब आहे की शंभरात एखादाच माणूस अशा प्रकारे जातो की त्याचे अवयव देता येतील. आयसीयूत, व्हेंटिलेटरवर. घरी झोपेत गेला तर किडनी नाही, हृदय नाही. म्हणून तर त्या एकाच्या घरच्यांचं हो फार महत्त्वाचं."

"मग घरी गेला तर काहीच नाही?"

"डोळे आहेत ना. काही तासांच्या आत, घरी येऊन सुद्धा घेतात, वीसेक मिनिटांचं काम. चष्मा असू दे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असू दे. पण कुणीतरी वेळेत फोन करायला पाहिजे. पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा आणि फोन करायचा."

नानांनी विचारलं, माझ्या वयाचं कोण घेणार, पंचाहत्तरीला आलो, बीपीची गोळी चालू आहे. ताई म्हणाली, ते तुम्ही नका ठरवू, त्या वेळचे डॉक्टर ठरवतील. स्पेनमध्ये निम्म्याहून जास्त दाते साठीच्या पुढचे असतात आणि अमेरिकेत २०२४ ला अठ्ठ्याण्णव वर्षांच्या एका माजी सैनिकाचं लिव्हर बसवलंय.

"अठ्ठ्याण्णव!" नाना म्हणाले. "मग सांगायचं कुणाला? पोरगा परदेशात आहे."

"जो त्या दिवशी हॉस्पिटलात धावत येईल त्याला."

"म्हणजे सूनबाई. तिला सांगितलं तर म्हणेल सासऱ्यांना झालंय तरी काय." पण मोबाईल काढला त्यांनी. वकील लगेच सांगायला लागला की तोंडी नको, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि पिंट्या म्हणाला आधी तुझी सही कुठंय ते सांग, तू स्वतः फॉर्म भरलायस का? वकिलानं भरला नव्हता. सगळे दाते धरा असा कायदा आल्यावर फॉर्मची गरजच काय, हे त्याचं उत्तर, आणि तिथून परत पहिल्यापासून सुरू झालं, ब्राझील, स्पेन, सगळं.