सतरा वेळा पुढे गेलेलं काम

"बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीची वेळ घेणे. २० मिनिटं."

एवढी एक ओळ मी माझ्या वेळापत्रकाच्या ॲपमध्ये टाकली आणि निर्धास्त झाले. पाच आठवड्यांनी बाबांकडे गेले, तर टेबलावर पेपर घडीसुद्धा न मोडता पडलेला. त्याच्याखाली कालचा, त्याखाली परवाचा. "बाबा, वाचत नाही का हल्ली?" असं विचारलं, तर म्हणाले, "अगं, अक्षरं पुसट दिसतात. तू डॉक्टरांची वेळ घेणार होतीस ना, म्हटलं घेतली असशील."

तिथेच उभ्या उभ्या फोन काढला. त्या कामाच्या तपशिलात अगदी तळाशी बदलांचा इतिहास असतो, तो मी तोवर कधी उघडलाच नव्हता. काम सतरा वेळा पुढे सरकलं होतं. मंगळवारी सकाळी ११, मग त्याच दिवशी दुपारी ४, मग बुधवार, मग थेट पुढचा सोमवार, आणि असंच खाली खाली. एकदाही मला विचारलेलं नाही. एकदाही ती ओळ लाल झाली नाही, कारण मी तिला मुदतच दिली नव्हती. ॲपच्या हिशेबाने काहीच बिघडलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते, मी या सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही. भाषांतर आणि संपादनाचं काम मी घरून करते. एका वेळी चार-पाच ठिकाणची कामं हातात असतात, प्रत्येकाची मुदत वेगळी, आणि मधेच कोणाचा तरी फोन येतो की उद्या अर्धा तास बोलू या. पूर्वी रविवारची संध्याकाळ आठवडा आखण्यात जायची आणि सोमवारी दुपारपर्यंत ती आखणी मोडलेली असायची. आता सकाळी कॅलेंडर उघडलं की दिवस मांडून ठेवलेला असतो. मधे मीटिंग घुसली तर बाकीची कामं आपापली सरकून जागा करून देतात. त्यामुळे डोक्यावरचं जे ओझं उतरलं, ते मी विसरणार नाही. मी ते आजही वापरते.

पण ते आतून कसं चालतं हे मी त्या प्रसंगानंतरच नीट समजून घेतलं. आपण त्याला सांगायचं की काम किती वेळाचं, कधीपर्यंत हवं आणि किती महत्त्वाचं. ते आपलं कॅलेंडर वाचतं, ठरलेल्या भेटी जागच्या जागी ठेवतं आणि उरलेल्या फटींमध्ये कामं बसवतं. हे गणित मूळचं कारखान्यातलं आहे. एक यंत्र, दहा ऑर्डरी, कोणती आधी घ्यायची? जेम्स जॅक्सन यांनी १९५५ मध्ये दाखवून दिलं की सगळ्यात जास्त उशीर झालेल्या कामाचा उशीर कमीत कमी ठेवायचा असेल, तर ज्याची मुदत आधी ते काम आधी घ्यावं. नियम इतका साधा आहे की कोणालाही सुचेल असं वाटतं. प्रत्येक कामाच्या उशिराला वेगवेगळा दंड लावला की मात्र प्रश्न भलताच अवघड होतो. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये अवघड प्रश्नांची जी प्रसिद्ध यादी मांडली, त्या २१ प्रश्नांमध्ये हाही आहे. त्यामुळे सॉफ्टवेअर सर्वोत्तम मांडणी शोधायच्या भानगडीत न पडता बऱ्यापैकी चांगल्या मांडणीवर थांबतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती या गणितात पहिला प्रश्न 'मुदत कधी?' हा असतो याबद्दल. ज्या कामाला मुदत नाही ते रांगेत शेवटी. नवीन काम आलं की ते पुढे उभं राहतं आणि शेवटचं काम शेवटीच राहतं. बाबांचे डोळे मुदत घेऊन येत नाहीत. जुन्या मैत्रिणीला फोन करणं, पाठदुखीसाठी सांगितलेले व्यायाम, मनात असलेलं पुस्तक, कशालाच मुदत नसते. माझ्या यादीत मुदत फक्त त्या कामांना होती ज्यांच्या मागे कोणीतरी बाहेरचा माणूस उभा होता. म्हणजे जो आवाज चढवेल त्याचं काम आधी, आणि जो समजून घेईल त्याचं काम पुढच्या सोमवारी. हे कोणी मुद्दाम ठरवलेलं नसेल. पण माझ्या पाच आठवड्यांत घडलं ते हेच.

संगणकशास्त्रात या प्रकाराला शब्दही आहे, 'स्टार्व्हेशन', म्हणजे उपासमार. कमी महत्त्वाचं काम रांगेत उभं राहतं आणि त्याची पाळीच येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना यावर एक किस्सा हमखास सांगतात, आणि सांगताना तो ऐकीव आहे हेही सांगतात. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातला आयबीएम ७०९४ हा संगणक बंद करायला घेतला, तेव्हा त्यात १९६७ मध्ये कोणीतरी दिलेलं एक काम तसंच पडून असलेलं सापडलं. सहा वर्षं पाळीची वाट बघत. किस्सा खरा असो वा नसो, मी तो वाचला आणि माझ्या डोळ्यांसमोर टेबलावरची ती पेपरांची चळत आली.

आणि यावरचा उपायही त्याच धड्यात शिकवतात. त्याला 'एजिंग' म्हणतात. काम जितका वेळ ताटकळेल तितकं त्याचं महत्त्व आपोआप थोडं थोडं वाढवत न्यायचं. वाट बघून बघून ते एक दिवस रांगेच्या तोंडाशी येतंच. यंत्राच्या आतल्या कामांसाठी जो न्याय माणसाने इतक्या वर्षांपूर्वी शोधला, तो माझ्या कामांना लावायला काय हरकत होती? मी वापरते त्या ॲपमध्ये तरी तो नव्हता. सतरा वेळा सरकल्यावरही त्या ओळीचं महत्त्व पहिल्या दिवशी होतं तेवढंच होतं.

आता माझी बाजू. ती सतरा सरकणी आली कुठून हे मी एका रात्री बसून शोधलं. प्रत्येक तारखेला त्या दिवशी दुसरं काय लांबलं ते पाहिलं. एके दिवशी प्रूफ तपासायला दोन तास धरले होते, लागले साडेतीन. दुसऱ्या दिवशी एका भाषांतराचा शेवटचा हात तासाभरात फिरवू म्हटलं, त्यात अख्खी दुपार गेली. असं जवळजवळ प्रत्येक वेळी. काम लांबलं की कोणाला तरी जागा सोडावी लागते, आणि सोडणारं काम ठरलेलं होतं. माझ्या सगळ्या चुकलेल्या अंदाजांची भरपाई ती एकटी ओळ करत होती.

अंदाज चुकणं हा माझा एकटीचा दोष नाही हे मला माहीत आहे. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये कामाला लागणारा वेळ कमी धरायच्या या खोडीला नाव दिलं, 'प्लॅनिंग फॅलसी'. पुढे १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? त्यांच्या अंदाजांची सरासरी आली ३३.९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५. आणि सगळंच बिनसलं तर किती लागतील असं विचारल्यावर त्यांनी सांगितलेला आकडासुद्धा प्रत्यक्षापेक्षा कमीच होता. असे अंदाज घेऊन जे सॉफ्टवेअर मिनिटामिनिटाचा दिवस आखतं, त्याने ते अंदाज जसेच्या तसे खरे धरावेत? मी प्रूफला दोन तास म्हणते आणि दर वेळी साडेतीन लावते, हे त्याच्याकडे नोंदलेलं आहे. त्याने एकदा तरी म्हणावं की बाई, तुझे दोन तास म्हणजे साडेतीन, मी तेवढे धरू का?

हे सगळं एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "तू मुदत टाकायला हवी होतीस, एवढंच." तिचं म्हणणं मी करून पाहिलं. बिनमुदतीच्या सगळ्या कामांना मुदती लावल्या. दुसऱ्याच आठवड्यात अर्धं कॅलेंडर लाल. त्यातली खरी मुदत कोणती आणि मी आपली मनाने लावलेली कोणती हे मलाच आठवेना, आणि मग लाल रंगाची भीतीच गेली. एक खरी मुदत त्या भानगडीत चुकता चुकता राहिली. नको ते.

या प्रश्नाकडे कोणी लक्षच दिलं नाही असंही म्हणता येणार नाही. गूगलने २०१५ मध्ये टाइमफुल नावाची छोटी कंपनी घेतली आणि २०१६ मध्ये कॅलेंडरमध्ये 'गोल्स' ही सोय आणली. आठवड्यातून किती वेळा, साधारण सकाळी की संध्याकाळी, एवढं सांगायचं. मोकळी वेळ ते शोधायचं, आणि आड काही आलं तर दुसरी वेळ शोधायचं. मुदत विचारायचंच नाही. व्यायाम, वाचन, नवी भाषा शिकणं अशाच गोष्टींसाठी ते केलेलं होतं. २०२२ मध्ये ती सोय बंद झाली, याचं मला आजही वाईट वाटतं. रिक्लेम या ॲपची एक कल्पनाही मला पटते. व्यायामासारख्या तुमच्या सवयीसाठी ठेवलेली वेळ आधी इतरांना रिकामी दिसते, पण आठवड्यातल्या पर्यायी जागा संपत आल्या की तीच वेळ बंद दिसायला लागते. म्हणजे ती गोष्ट सरकते, पण सरकून सरकून नाहीशी होत नाही.

नाहीतर होतं काय, तुम्ही भेटीची वेळ निवडायची लिंक लोकांना देता, आणि समोरच्याला जे जे रिकामं दिसतं ते ते त्याचं. आपल्या भाषेत रिकामा वेळ आणि मोकळा वेळ हे दोन निराळे शब्द आहेत. बाबांजवळ बसायला ठेवलेली संध्याकाळ मोकळी असते, ती रिकामी नसते. कॅलेंडरला हा फरक सांगायची सोय हवी, आणि ती वापरायला सोपी हवी.

पण माझं मुख्य मागणं याहून साधं आहे. सॉफ्टवेअरने 'मावत नाही' असं म्हणायला शिकावं. मी आठवड्यात ५० तासांची कामं टाकली आणि माझ्याकडे ३८ तास असले, तर १२ तासांची कामं होणार नाहीत हे त्याला सोमवारी सकाळीच कळलेलं असतं. नुसती वजाबाकी आहे ती. तरी ते मला सांगत नाही. ते १२ तास गुपचूप पुढच्या आठवड्याच्या पोटात सारतं आणि मला नीटनेटकं, रंगीत कॅलेंडर दाखवतं. मला वाटतं, अशी ॲप्स विकली जातात ती या निवांतपणाच्या जोरावर. सकाळी सकाळी 'मावत नाही' हे वाचायला कोणाला आवडेल? पण ज्याला खरंच वेळ सांभाळायचा आहे, त्याला ते वाचावंच लागेल. हाताखाली एखादा चांगला माणूस असता, तर तिसऱ्या वेळी तो दारात येऊन म्हणाला असता, "मॅडम, हे तिसऱ्यांदा पुढे जातंय. करायचं की काढून टाकू?" तेवढा एक प्रश्न मला हवा होता. आणि काम किती वेळा सरकलं तो आकडा कामाच्या नावाशेजारीच दिसायला हवा, तळाशी लपवलेल्या इतिहासात नको.

तोवर मी हे हाताने करते. दर शुक्रवारी बिनमुदतीच्या कामांचा इतिहास उघडते. जे तीनपेक्षा जास्त वेळा सरकलंय ते तिथल्या तिथे करते, नाहीतर कोणाला तरी सांगते, नाहीतर खोडते. खोडताना जिवावर येतं. एका पुस्तकाचं नाव मी चार महिने पुढे ढकलत होते, ते मागच्या शुक्रवारी खोडलं, आणि मग फार वेळ त्या रिकाम्या ओळीकडे बघत बसले. तुम्हीही आज तुमच्या ॲपमधलं सगळ्यात जुनं काम उघडून पाहा, आणि ते किती वेळा सरकलंय ते जमलं तर खाली लिहा.

बाबांना मोतीबिंदू निघाला. उशिराने नुकसान झालेलं नाही असं डॉक्टर म्हणाले. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि पट्टी निघाल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी मला फोन करून अग्रलेखातलं एक वाक्य वाचून दाखवलं, त्यात व्याकरणाची चूक होती म्हणून. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. ती मी स्वतः टाकली, आणि शेजारचं ते छोटं कुलूप दाबून बंद केलं. आता त्या दिवशी काहीही आलं तरी सरकेल ते दुसरं काम.