पेशी कुणाच्या, हे विचारायचं नाही?

आज एका कॉलेजात संशोधन करणाऱ्या पोरांची पोस्टर्स बघून आले, तेव्हापासून डोकं तापलंय. जिकडं बघावं तिकडं तेच. अमुक झाडाचा अर्क एमसीएफ-७ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकला, पेशी मेल्या, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरवर गुणकारी. एका चुणचुणीत पोरीला विचारलं, या पेशी मूळच्या कुणाच्या गं? तिला माहीत नव्हतं. १९७० साली अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या एका बाईच्या फुफ्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून त्या काढलेल्या, आणि त्याही इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणाऱ्या. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनवर न वाढणारी गाठ असलेल्या बाईला त्यांचा काय उपयोग? पोरगी भराभर लिहून घेत होती. तेवढ्यात तिचे गाईड म्हणाले, "मॅडम, तिला पेपर पुरा करू दे. पेशंटचं डॉक्टर बघतील."

डॉक्टर बघतील! आमच्या आक्कानं, माझ्या थोरल्या जावेनं, गडहिंग्लजकडच्या घरी अख्खा पावसाळा स्तनातली गाठ लपवली. "दुखत न्हाई, मग कशाला दाखवायचं?" आधी भांगलण, मग दिवाळी. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, हे त्या घरात सांगायला कोण गेलं होतं? डॉक्टरांपर्यंत ती पोचली तेव्हा काखेतही गाठी होत्या.

फेलोशिप वेळेवर येत नाही, एथिक्स कमिटीची परवानगी लांबते, मान्य. पण कॅन्सरवर पीएचडी करणाऱ्यानं एकदाही ओपीडीच्या बाकावर बसू नये? एका इमारतीत नॅनोकण बनवणारा पोरगा, शेजारच्या इमारतीत पेशी वाढवणारी पोरगी, आणि दोघांची गाठ पडते ती कँटीनमध्ये! स्तनाच्या कॅन्सरवरचं हर्सेप्टिन हे औषध आलं कसं? जनुकावर काम करणारे उलरिख आणि पेशंटच्या गाठींचे नमुने जपणारे डॉक्टर स्लेमन एकत्र आले म्हणून. १९८७ साली त्यांचा पेपर आला, १९९८ ला अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

आपल्याकडचंच बघा. टाटा हॉस्पिटलनं मुंबईत दीड लाख बायकांचा २० वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हातानं तपासलं, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. तिथं डॉक्टर लागले, आकडेवारीवाले लागले, घरोघर बोलणाऱ्या बाया लागल्या. आक्काचं "दुखत न्हाई" ज्यानं कानानं ऐकलंय, त्यालाच नुसत्या हातानं तपासून भागेल का, असला प्रश्न सुचतो.

पोरांवर राग नाही हो माझा. ती पोरगी जाताना हळूच म्हणाली, "आम्हाला पेशंटकडं कुणी नेतच नाही." एवढी हुशार लेकरं आपण चार भिंतींत कोंडून ठेवतो, याचं वाईट वाटतं.

माझ्या यादीत गाईड मंडळी बरीच आहेत. विद्यार्थ्यांना आक्काकडं पाठवायचं असेल तर मेसेज करा. आक्का आता बरी आहे, बोलायला तयार आहे. फक्त दुपारी तीननंतर या, सकाळी ती शेतात असते.