ओआरएस फक्त लहान मुलांसाठी? तो मेसेज पुढे पाठवू नका

सध्या फॅमिली ग्रुपवर ओआरएसबद्दल, म्हणजे जुलाबात प्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल, एक मेसेज फिरतोय. 'ओआरएस लहान मुलांसाठी असतं, मोठ्यांना जुलाब झाले तर भरपूर पाणी नाहीतर नारळपाणी पुरतं, शुगरवाल्यांनी ओआरएसला हात लावू नये, आणि जास्तच गळून गेलात तर सरळ सलाईन लावून घ्या.' आमच्या काकूने हे वाचून दीड दिवस नुसतं पाणी प्यायलं आणि बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली, म्हणून लिहितेय.

लहान मुलांसाठी म्हणे! 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून लहानमोठ्या सगळ्यांना पाजलं आणि 30 टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू 4 टक्क्यांच्या खाली आले.

आता भरपूर पाणी. जुलाबात पाण्यासोबत मीठही जातं, मग वरून नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम अजूनच उतरतं. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जातं, जुलाबात बाकी गडबड झाली तरी ही वाट बहुतेक वेळा चालू राहते, म्हणून ओआरएसमध्ये साखर असते, चवीसाठी नाही. आजीची मीठ घातलेली भाताची पेज पण याच कारणाने लागू पडते, भातातल्या स्टार्चचं पोटात ग्लुकोजच होतं ना. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे ते सोबत घ्या, ओआरएसच्या जागी नको.

शुगरवाल्यांची भीती मला कळते. पण डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याच्या 1 लिटरमध्ये ग्लुकोज असतं 13.5 ग्रॅम, आणि अंगातलं पाणी कमी झालं की शुगर वाढते ती वेगळीच. ओआरएस घ्या, शुगर तपासत रहा, इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि मेटफॉर्मिन वगैरे गोळ्या चालू ठेवायच्या का ते डॉक्टरांना फोन करून विचारा. हार्ट फेल्युअर किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी विचारूनच प्या. गोड टेट्रापॅक वेगळे, त्यात साखर कितीतरी जास्त असू शकते, म्हणून तर ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने (खाण्यापिण्याच्या वस्तूंवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) असल्या ड्रिंक्सवर ओआरएस लिहायला मनाई केली.

आणि सलाईन. तोंडाने पाणी पोटात टिकतंय तर बाटली लावायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने सुरू करा. 1 लिटरचं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच घाला, ग्लासात अर्धं पाकीट टाकून कडक केलं तर जुलाब वाढू शकतात, आणि केलेलं पाणी 24 तासांत संपवा. काहीच पोटात टिकत नसेल, सहा-आठ तास लघवी नसेल, शौचात रक्त असेल किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर मात्र घरी थांबू नका, तेव्हा हॉस्पिटलच.